गरम झाली की बंद, उभी ठेवली की बॅटरी डाऊन: जुन्या लक्झरी गाड्यांचे प्रश्न

ऊन तापायला लागलं की आपल्या नागपुरातल्या जुन्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीवाल्यांचे प्रश्न वाढतात. यावेळी जवळपास प्रत्येकानं लिहिलंय की अमुक पार्ट बदलला तरी फरक नाही. वाचून खरंच वाईट वाटतं, कारण या गाड्यांचे पार्ट महाग आणि फॉल्ट बहुतेक वेळा साधा असतो, कुठे उष्णतेनं कडक झालेलं रबर, कुठे तडकलेलं प्लास्टिक, कुठे गंजलेली अर्थिंग. आधी मोजा, मग पाना हातात घ्या.

प्रश्न (मनीषनगर): भाऊ, माझी १९९८ ची मर्सिडीज ई-२३० आहे. सकाळी मस्त चालते पण दुपारी सिग्नलवर अचानक बंद होऊन राहिली. अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. प्लग बदलले, फ्युएल पंप बदलला, आता मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. काय करू?

उत्तर: ईसीयूला सध्या हात लावू नका भाऊ. गरम झाली की बंद आणि गार झाली की सुरू, असं कोणी सांगितलं की माझा पहिला संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर जातो. इंजिन फिरतंय की नाही हे ईसीयूला तोच सांगतो, त्याचा सिग्नल गेला की स्पार्कही बंद आणि इंजेक्टरही बंद. आतली बारीक वायरिंग तापून सुटते आणि गार झाली की परत जुळते, म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी ठणठणीत असते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

पुढच्या वेळी बंद पडली की तिथल्या तिथे दोन गोष्टी बघा. चावी ऑन करून मागच्या सीटकडे कान द्या, पंपाचा एक-दोन सेकंद घूं असा आवाज येतो का? येत असेल तर पंप आणि त्याचा रिले बहुतेक ठीक. मग स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडातरी हलायला पाहिजे, अगदी मेल्यासारखा पडून असेल तर संशय पक्का होत चालला. नंतर घरी मल्टीमीटर (बर्डीच्या बाजारात साधासुधा मिळतो तोही चालेल) ओहमवर लावून सेन्सर गार असताना मोजा आणि गरम होऊन बंद पडल्यावर परत मोजा. गार असताना काहीशे ते हजारभर ओहम आणि गरम झाल्यावर सर्किट ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं, असं दिसलं तर अजून पुरावा नको. सेन्सर इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडतो तिथे, एका बोल्टवर असतो, जागा अडचणीची आहे पण काम घरी होतं. घ्यायचा तर चांगल्या कंपनीचाच घ्या, स्वस्तातला घेतला तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

आणि हो, ऑनलाइन मिळणारा ओबीडी डोंगल (गाडीतले फॉल्ट मोबाइलवर दाखवणारा छोटा प्लग) तुमच्या गाडीला बहुधा कामाचा नाही, त्या काळच्या मर्सिडीजमध्ये बॉनेटखाली गोल ३८ पिनांचं सॉकेट असतं, त्याला चालणारा स्कॅनर असलेला मेकॅनिकच शोधावा लागतो.

ज्यांच्याकडे १९९३ ते १९९५ मधल्या डब्ल्यू-१२४ मॉडेलच्या मर्सिडीज आहेत त्यांनी याच लक्षणावर आधी इंजिनचं वायरिंग बघावं. त्या वर्षांतल्या वायरींचं इन्सुलेशन उष्णतेनं भुगा होऊन पडतं. कव्हर थोडं मागे सरकवा, बोटानं हलकं दाबा, तुकडे हातात आले तर अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, बदलायचं. टेप गुंडाळून भागवू नका, आत दोन तारा चिकटल्या तर मग खरंच ईसीयू जाईल.

प्रश्न (धरमपेठ): दादा, २००९ ची बीएमडब्ल्यू ३२०डी. चार दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. नवीन बॅटरी टाकली तरी तेच होऊन राहिलं.

उत्तर: मग बॅटरी बिचारीचा दोष नाही, गाडी झोपत नाहीये, म्हणजे बंद केल्यावरही आतलं काहीतरी करंट ओढत राहतंय. हिशोब बघा, गाडी बंद असताना अर्धा अँपिअर जरी ओढत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, चार दिवसांत ४८. ८० अँपिअर-अवरची बॅटरी त्यानंतर स्टार्टर कुठून फिरवणार? चांगल्या गाडीत हा आकडा ५० मिलिअँपच्या आत पाहिजे.

मोजायचं असं. डिकी उघडी ठेवा पण तिचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा म्हणजे गाडीला वाटेल डिकी लागली, काचा खाली ठेवा, चावी खिशात नको, गाडीपासून लांब ठेवा. मायनस टर्मिनल काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा. जोडल्या जोडल्या आकडा मोठा येतो, घाबरू नका, अर्धा-पाऊण तास हातही लावू नका, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) एकेक करून झोपतात. या वेळात स्टार्ट मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. तरी आकडा खाली येत नसेल तर एकेक फ्यूज काढून बघा, ज्याच्यावर आकडा धपकन पडला ती लाइन. दार उघडलं की सगळी मॉड्यूल परत जागी होतात, म्हणून फ्यूजबॉक्सचं कव्हर आणि ग्लोव्हबॉक्स आधीच मोकळं करून ठेवा. माझा संशय बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टमवर किंवा ब्लोअरच्या रेग्युलेटरवर आहे. गाडी बंद केल्यावरही ब्लोअर हळू फिरतोय का, बघा.

नवीन बॅटरी स्कॅनरनं रजिस्टर केली होती का? नसेल तर करून घ्या, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर): ऑडी ए४, मागच्या पावसाळ्यापासून पुढचा कारपेट ओला राहतो, वास येतो.

उत्तर: फक्त पावसानंतर ओला होत असेल तर सनरूफचे ड्रेन किंवा बॅटरीखालचा ड्रेन पानांनी चोक झालाय. नायलॉनची जाड तार हळूच घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आत पाइप सांध्यातून निसटतो आणि मग छताचं लायनिंग उतरवावं लागतं. एसी चालू असतानाच ओला होत असेल तर एसीचा ड्रेन. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आहे, हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. कारपेट उचलून खालचा फोम पूर्ण वाळवाच, त्याच्याखाली वायरिंग असतं.

प्रश्न (सदर): काका, बाबांची जुनी मर्सिडीज सी-क्लास मी वापरते. व्हरायटी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले की टेम्परेचर वर जातं, वर्धा रोडला लागले की आपोआप खाली येतं. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) चालवायची की नाही?

उत्तर: ताई, पळताना गार आणि उभी असताना गरम, म्हणजे हवा फिरवणारा फॅन काम करत नाहीये. घराखाली गाडी उभी करून एसी लावा आणि थोड्या वेळानं समोरचा इलेक्ट्रिक फॅन फिरतोय का ते बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटार, याच क्रमानं जा. फॅन फिरत असेल तर रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामध्ये साचलेली धूळ पाण्यानं हळू प्रेशरवर धुवून काढा. आपल्याकडे ४५ अंशांवर पारा जातो तेव्हा एवढ्यानंही मोठा फरक पडतो.

कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी, उकळतं पाणी तोंडावर येतं. टॉपअप रंग बघून करू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. फॅन दुरुस्त होईपर्यंत काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल. भर उन्हात त्रास होईल पण हेड गॅस्केट वाचेल. आणि काटा लालमध्ये गेलाच तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, घर जवळ आलंय म्हणून रेटू नका.

प्रश्न (हिंगणा): गाडी कमी चालते, टायरची नक्षी नव्यासारखी आहे. समृद्धी महामार्गानं मुंबईला न्यावी का?

उत्तर: नक्षी नका बघू भाऊ, तारीख बघा. टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला वाकून बघा. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर टायरवाल्याकडून नीट तपासल्याशिवाय १२० च्या स्पीडनं नागपूर-मुंबईचे ७०१ किलोमीटर जाऊ नका. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर चारही बदला आणि स्टेपनीची तारीखही त्याच वेळी बघून घ्या.