आशियातील विकसनशील देशांचे कॉपीराइट कायदे परकीय दबावातून घडले आहेत का?

भारत, इंडोनेशिया, थायलंड, दक्षिण कोरिया अशा देशांचे कॉपीराइट कायदे त्या त्या देशांनी स्वतःच्या गरजेतून केले, की अमेरिकेने आणि युरोपने ते त्यांच्याकडून करवून घेतले, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते कायद्याचा सांगाडा जवळजवळ सर्वत्र बाहेरून आला आहे. मात्र कोणत्या कामासाठी परवानगी लागणार नाही हे सांगणारी अपवादांची कलमे कोणी लिहिली, हे पाहिले म्हणजे देशादेशांतला खरा फरक दिसू लागतो. परदेशी पुस्तकांच्या मराठी भाषांतरासाठी परवानग्या मिळवण्याचे काम मी करतो, त्यामुळे या उत्तरात भाषांतराच्या हक्काला जरा जास्त जागा मिळेल; पण या विषयाच्या इतिहासात त्या हक्काला तेवढे महत्त्व खरोखरच आहे.

आरंभ अर्थातच वसाहतींपासून होतो. ब्रिटनने १९११ साली संपूर्ण साम्राज्यासाठी प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा केला आणि तोच थोड्या फेरफारांसह १९१४ साली भारतात आला. इंडोनेशियात १९१२ चा डच कायदा लागू झाला. या फेरफारांपैकी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १९१४ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने असे ठरवले की ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा एकाधिकार फक्त दहा वर्षे राहील. त्या मुदतीत लेखकाने किंवा त्याच्या परवानगीने कोणी एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले, तर तेवढ्या भाषेपुरता तो हक्क पुढेही टिकेल. म्हणजे कोलकात्यात छापलेली बंगाली कादंबरी मराठीत आणायची, तर दहा वर्षांनंतर बहुधा कोणाला विचारावे लागत नसे. लंडनमध्ये प्रथम छापलेल्या इंग्रजी पुस्तकाला मात्र ही सवलत नव्हती. साम्राज्याने आपल्या प्रकाशकांचा हक्क अबाधित ठेवला आणि सवलत दिली ती हिंदुस्थानी लेखकांच्या हक्कातून, हे वाचताना मला नेहमी थोडे हसू येते.

स्वातंत्र्यानंतर दोन देशांनी दोन वेगळे मार्ग धरले. एकमेकांच्या लेखकांना प्रताधिकार देण्याचे बंधन सदस्य देशांवर घालणारा जो आंतरराष्ट्रीय बर्न करार, त्याचा त्याग करण्याचे इंडोनेशियाने १९५८ साली ठरवले. शिक्षणासाठी परदेशी पुस्तके हवी होती, ती विनामूल्य भाषांतरित करता यावीत हा त्यामागचा उघड हेतू होता. भारत बर्न करारात राहिला, १९५७ चा स्वतःचा कायदा केला आणि करारातच बदल घडवून आणण्याचा प्रयत्न केला. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत विकसनशील देशांसाठी स्वतंत्र सवलती मागणाऱ्यांच्या पुढच्या फळीत भारत होता. तेथे मान्य झालेला मसुदा ब्रिटिश आणि इतर पाश्चात्त्य प्रकाशकांना मुळीच मानवला नाही आणि तो कागदावरच राहिला. अखेर १९७१ साली पॅरिस येथे तडजोड झाली आणि बर्न करारास एक परिशिष्ट जोडले गेले. भारताने १९८३ च्या दुरुस्तीने त्याचा अवलंब केला.

त्या परिशिष्टाची रचना पाहिली की परकीय प्रभाव बंदी न घालताही कसा काम करतो ते समजते. विकसित देशांत सर्वसाधारणपणे न वापरल्या जाणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही, अध्यापन, अभ्यास किंवा संशोधन यांसाठी परदेशी पुस्तकाचे भाषांतर करायचे असेल, तर मूळ प्रकाशनानंतर एका वर्षाने सक्तीचा, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीवाचून मिळणारा, परवाना मागता येतो. परंतु अर्जदाराने आधी हक्कधारकाकडे परवानगी मागून ती नाकारली गेल्याचे, किंवा कसून शोध घेऊनही तो न सापडल्याचे दाखवावे लागते. त्यानंतर आणखी नऊ महिने थांबावे लागते. या अवधीत हक्कधारकाने स्वतः भाषांतर काढले तर परवाना मिळत नाही, आणि परवाना मिळाल्यावर त्याने तशाच किमतीचे भाषांतर बाजारात आणले तर मिळालेला परवानाही संपुष्टात येतो. शिवाय प्रती देशाबाहेर विकता येत नाहीत. एवढ्या पायऱ्या चढून जाणारा प्रकाशक क्वचितच सापडतो. हजार-दीड हजार प्रतींची आवृत्ती काढणारा मराठी प्रकाशक, पूर्वी प्रताधिकार मंडळाकडे आणि आता न्यायालयाकडे असा अर्ज करील, याची मला तरी कल्पना करवत नाही. तो सरळ हक्कधारकाला ईमेल पाठवतो, आगाऊ रक्कम मान्य करतो किंवा ते पुस्तक सोडून देतो. सवलत कायद्यात आहे, व्यवहारात नाही, आणि ती तशीच राहावी अशा बेताने ती लिहिली गेली असावी असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८० नंतर चित्र पालटले, कारण प्रताधिकार हा सांस्कृतिक करारांचा विषय न राहता व्यापाराचा विषय बनला. येथे अमेरिकेचा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. १८९१ पर्यंत अमेरिका परदेशी लेखकांना प्रताधिकार देतच नव्हती. इंग्लंडमधील कादंबऱ्या तेथे बिनदिक्कत छापल्या जात. त्यानंतरही इंग्रजी पुस्तकांना पूर्ण संरक्षण हवे असेल तर ती अमेरिकेत छापली पाहिजेत, या प्रकारची अट कोणत्या ना कोणत्या स्वरूपात १९८६ पर्यंत टिकली. बर्न करारात अमेरिका सामील झाली ती १ मार्च १९८९ रोजी, म्हणजे भारताने १९२८ साली स्वतंत्र सदस्य म्हणून प्रवेश केल्यानंतर सुमारे ६१ वर्षांनी. परंतु स्वतः तेथे पोहोचण्याआधीच तिने इतरांना घाई करण्यास आरंभ केला होता. चित्रपट, संगीत, पुस्तके आणि सॉफ्टवेअर यांच्या अमेरिकी व्यावसायिक संघटनांनी १९८४ साली एक संयुक्त आघाडी उभारली. १९८८ च्या व्यापार कायद्यात ‘स्पेशल ३०१’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. आणि बौद्धिक संपदेचे पुरेसे रक्षण न करणाऱ्या देशांची वार्षिक यादी प्रसिद्ध होऊ लागली. यादीत नाव येणे म्हणजे आयातशुल्कातील सवलत काढून घेतली जाण्याची पूर्वसूचना, असाच त्याचा अर्थ घेतला जाई.

ज्यांची निर्यात अमेरिकेच्या बाजारपेठेवर अवलंबून होती ते देश आधी नमले. दक्षिण कोरियाने १९८६ साली अमेरिकेशी समझोता केला आणि १ जुलै १९८७ पासून नवा कायदा अमलात आणला. लेखकाच्या मृत्यूनंतरची ३० वर्षांची मुदत ५० वर्षांवर गेली आणि परदेशी पुस्तकांच्या बिनपरवाना आवृत्त्यांवर उभा असलेला तेथील धंदा अडचणीत आला. इंडोनेशियात तर एका मदत-मैफलीच्या ध्वनिफितींच्या बनावट प्रती निर्यात झाल्याने मोठा आंतरराष्ट्रीय गवगवा झाला. १९८७ मध्ये कायदा कडक झाला आणि १९९७ मध्ये तो देश बर्न करारात परतला. थायलंडची हकिगत सर्वांत नाट्यमय आहे. तेथे १९८८ साली अमेरिकेला हवे असलेले प्रताधिकार दुरुस्ती विधेयक संसदेत आले, सत्ताधारी आघाडीतील एका पक्षाच्या गटाने त्याला विरोध केला, आणि पंतप्रधान प्रेम तिनसुलानोंदा यांनी संसदच विसर्जित केली. कॉपीराइटच्या मतभेदावरून सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेने थायलंडच्या काही व्यापारी सवलती काढून घेतल्या, आणि १९९४ मध्ये नवा कायदा झालाच.

१९९५ च्या ट्रिप्स, म्हणजे बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक बाबींच्या, कराराने हा सारा दबाव जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीत बसवला. बर्न करारातील बहुतेक कलमे त्याने सर्व सदस्यांवर बंधनकारक केली. लेखकाच्या नैतिक हक्कांचे (कृतीवर आपले नाव राहावे, तिची मोडतोड होऊ नये या हक्कांचे) कलम तेवढे वगळले, कारण ते अमेरिकेला नको होते.

आता भारताकडे येतो. १९९१ साली अमेरिकेने भारताला आपल्या यादीतील सर्वांत वरच्या, म्हणजे कारवाईच्या उंबरठ्यावरील गटात टाकले. १९९४ च्या दुरुस्तीने सॉफ्टवेअरच्या चोरीविरुद्ध कडक तरतुदी आल्या. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांचा कारावास सांगणारे कलम त्यातलेच. हे केवळ बाहेरच्या धाकाने झाले असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. देशातील सॉफ्टवेअर उद्योगाची संघटना नॅसकॉम हीसुद्धा त्या कायद्याच्या बाजूने उभी होती. बाहेरचा दबाव फळाला येतो तो बहुधा आत कोणीतरी दार उघडायला उभे असते तेव्हाच, आणि भारतात चित्रपट, संगीत आणि सॉफ्टवेअर असे तिघेजण दाराशी होते. याचे महाराष्ट्रातील उदाहरण अधिक बोलके आहे. आपल्याकडे ‘एमपीडीए’ या नावाने ओळखला जाणारा १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा मुळात झोपडपट्टी गुंड आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी होता. २००९ साली त्यात ‘व्हिडिओ पायरेट्स’ही बसवले गेले. खटला न चालवता स्थानबद्ध करण्याची ही तजवीज ट्रिप्स करारात कोठेही मागितलेली नाही.

मुदतीच्या बाबतीतही हेच दिसते. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे ही आंतरराष्ट्रीय किमान मर्यादा असताना भारताने १९९२ साली ती ६० वर्षे केली, आणि त्यामागे कोणताही परकीय आग्रह नव्हता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले होते, त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, आणि तो वाढवण्यासाठी सर्वांचीच मुदत वाढली. एका लेखकासाठी साऱ्या देशाचा कायदा बदलणे मला पटत नाही, पण तो निर्णय पूर्णपणे आपला होता एवढे खरे.

उलट जेथे भारताने परकीय नमुना जशाचा तसा घेतला नाही, ती उदाहरणे अपवादांच्या क्षेत्रातील आहेत. डिजिटल कुलपे, म्हणजे नक्कल रोखण्यासाठी घातलेली तांत्रिक बंधने, तोडण्याविरुद्धचे कलम २०१२ च्या दुरुस्तीत आले. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात, मोजके अपवाद सोडले तर, कुलूप तोडणे हेच बेकायदा आहे आणि तोडण्याची साधने विकणेही बेकायदा आहे. भारतीय कलमात हक्कभंगाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप तोडण्यास मुभा आहे. सिंगापूरने २००३ च्या मुक्त व्यापार करारात अमेरिकी साच्याच्या बऱ्याच जवळची बांधिलकी स्वीकारली. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने दृष्टिहीन आणि अन्य दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रती काढण्याची व्यापक मोकळीक दिली, आणि पुढे याच विषयावरील माराकेश करारास मान्यता देणारा जगातील पहिला देश भारत ठरला (२४ जून २०१४). म्हणजे प्रभावाचा प्रवाह नेहमी एकाच दिशेने वाहतो असेही नाही.

दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सचे प्रकरण आपण वाचले असेलच. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ साली विद्यापीठ आणि आवारातील रामेश्वरी झेरॉक्स सेवा यांच्यावर, अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच छापून विकल्याबद्दल दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने तो फेटाळला. शिक्षणासाठीच्या अपवादाची व्याप्ती ठरवण्याची मोकळीक आंतरराष्ट्रीय करारांनीच त्या त्या देशाच्या विधिमंडळाला दिलेली आहे, हा त्या निकालातील मुद्दा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने शैक्षणिक अपवादाचा अर्थ तसाच व्यापक ठेवला, काही वस्तुस्थिती तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

थायलंड आणि कोरियापेक्षा भारताला एवढी मोकळीक का मिळाली, याचे कारण मला निर्यात व्यापारात दिसते, नैतिक धैर्यात नव्हे. १९८० च्या दशकात भारताची अर्थव्यवस्था निर्यातीवर त्या देशांइतकी अवलंबून नव्हती, त्यामुळे सवलत काढून घेण्याच्या धमकीची धार कमी होती. आणि पुढे जेव्हा ती धार वाढली, तेव्हा भारताने अमेरिकेशी बौद्धिक संपदेचे प्रकरण असलेला मुक्त व्यापार करार केलेला नव्हता. कोरियाने तो केला, आणि २०१२ साली अमलात आलेल्या त्या करारात ७० वर्षांच्या मुदतीची अट होती. व्हिएतनाम आणि मलेशिया पॅसिफिक भागीदारी करारात त्याच वाटेवर होते. पण २०१७ च्या जानेवारीत अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि उरलेल्या देशांनी जी कलमे स्थगित केली त्यांत ७० वर्षांचे कलमही होते. ज्याने आग्रह धरला तो उठून गेल्याबरोबर बाकीच्यांनी ते कलम बाजूला ठेवले, यावरून ते कोणाचे होते हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

म्हणून आपण या विषयाचा पुढे अभ्यास करणार असाल, तर मूळ कायद्यापेक्षा व्यापार करारांतील बौद्धिक संपदेची प्रकरणे आधी वाचावीत, आणि त्यांतही मुदतीचे कलम पाहावे. १९६५ साली निधन पावलेल्या लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेले पुस्तक भारतात १ जानेवारी २०२६ पासून कोणालाही मराठीत आणता येते. आपल्याकडेही ७० वर्षांची मुदत असती, तर त्यासाठी २०३६ उजाडावे लागले असते.