अर्जेंटिनाला निघताना लॅपटॉपचं काय?

लॅपटॉप, फोन भारतातूनच घेऊन जा. “डॉलर घेऊन जा, तिथे सगळं स्वस्त पडतं” हे जुन्या मंडळींचं ऐकू नकोस. ते दिवस वेगळे होते. 2019 पासून तिथे डॉलरच्या खरेदीवर कडक बंधनं होती. ब्यूनोस आयरेसच्या फ्लोरिडा रस्त्यावर ‘काम्बियो, काम्बियो’ म्हणजे ‘चलन बदला’ असं ओरडणारे उभे असत, आणि 2023 मध्ये त्यांचा ‘ब्लू’, म्हणजे काळ्या बाजारातला डॉलरचा भाव अधिकृत दराच्या दुपटीवर गेला होता. एप्रिल 2025 मध्ये सामान्य माणसावरची बहुतेक बंधनं उठली, ती दरी बरीच बुजली.

ब्लू भावाच्या त्या दिवसांतही जेवणखाण स्वस्त पडे, इलेक्ट्रॉनिक्स नाही. आयात कर जबर होता, शिवाय दुकानदार किंमत ठरवताना ब्लू भावच डोक्यात ठेवायचा. म्हणून तिथलेच लोक खरेदीला शेजारचं चिली नाहीतर पॅराग्वे गाठू लागले.

अगदी तिथेच घ्यायची वेळ आली, तर ‘कुओतास सिन इंतेरेस’ म्हणजे बिनव्याजी हप्ते विचार. महागाईत पुढचे हप्ते आपोआप हलके होतात! रोख न्यायचीच तर शंभर डॉलरच्या, न फाटलेल्या, न डागाळलेल्या नोटा ने. बाकी वीज 220 व्होल्टच आहे, फक्त पिनचा अ‍ॅडॅप्टर लागेल.