हिडकलसाठी फायबर होडी घेताना किलोचा दर बघावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल जलाशयात जाळी टाकायला होडी हवी आणि तीन दर आलेत. बेळगावच्या उद्यमबागेतला १८ फुटी, २४० किलो, १,१५,००० ला देतोय. वेंगुर्ल्याकडचा १८ फुटी, १९० किलो, १,४०,०००. कारवारचा २२ फुटी ‘पांगा’, ४८० किलो, ३,१०,०००. किलोमागे हिशोब केला तर पहिली ४७९ रुपये, दुसरी ७३७, तिसरी ६४६. पहिली जड आणि वर स्वस्त, मग तीच घ्यावी ना?

घेऊ नका. होडी काय ऊस आहे, टनावर दर लावायला? आणि उसाचं तरी आपण नुसत्या वजनावर कुठं ऐकून घेतो? एफआरपी म्हटलं की आपल्याकडं कारखान्याचा दर आठवतो, आणि तो १०.२५ टक्के उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेवर ठरतो. होडीवाल्याच्या भाषेत एफआरपी म्हणजे फायबर रिइन्फोर्स्ड प्लास्टिक, आणि तिथंही विचारायचं ते उताऱ्याचंच. शंभर किलो मालात काच (म्हणजे काचेचे धागे) किती आणि रेझिन किती? ताकद काचेत असते. रेझिन काचेला धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम.

हिशोब साधा आहे. ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) एका चौरस मीटरवर घातली की रेझिनसकट दीड किलो वजन आणि साधारण एक मिलिमीटर जाडी होते. ६०० ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचेचं जाड कापड, रेझिन कमी पितं, त्याचं सव्वा किलो धरा. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, अर्धा-पाऊण किलो. पाच फूट रुंदीच्या १८ फुटी होडीचं अंग तेरा-चौदा चौरस मीटर भरतं. तळाला ३०० ची एक मॅट, मग ४५० च्या तीन आणि त्यांच्या मधे रोव्हिंगचे दोन थर म्हणजे सहा मिलिमीटर. बाजूंना एक रोव्हिंग आणि एक मॅट कमी. त्यात मागची ट्रान्समची फळी, कणा, आतले आडवे-उभे वाक, बसायच्या फळ्या आणि काठ धरला की रिकामी होडी १८० ते २२० किलोत बसते. म्हणजे वेंगुर्ल्याचा आकडा पटण्यासारखा आहे.

आता २४० घ्या. आकार तोच असेल तर वरचे ५० किलो कशाचे? अंगभर मॅटचा एक थर वाढवला तर वीस किलो वाढतात. म्हणजे अडीच थर जास्त, १५ किलो मॅट आणि ३५ किलो रेझिन. एवढं घालून, वर रोलर मारायची मजुरी देऊन, तो तुम्हाला पंचवीस हजार कमीत देईल? ते वजन एकतर नीट रोलर न मारल्यामुळं राहिलेल्या रेझिनचं आहे, नाहीतर त्यात कालवलेल्या खडूच्या भुकटीचं, नाहीतर स्वस्त प्लायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या दाजींनी नेमकी अशीच होडी घेतली होती. कुणाकडून ते राहू दे. ‘जड ती मजबूत’ हे त्यांचं वाक्य, आणि त्यावर आमचं घरात चार वर्षं चाललंय. बांधणाऱ्यानं २५० किलो सांगितलेली. आणताना टेम्पो कारखान्याच्या काट्यावर घातला, आधी होडीसकट, मग रिकामा. फरक २६०. काट्याचा टप्पा दहा किलोचा, म्हणजे ठीकच. दोन पावसाळ्यांनी एप्रिलमध्ये रंगवायला बाहेर काढली, आतलं पाणी उपसलं, दोन दिवस उन्हात पालथी ठेवली आणि त्याच काट्यावर नेली. ३३०. सत्तर किलो वाढ, आणि होडीत एक दोरीसुद्धा नव्हती.

ट्रान्समच्या आतल्या अंगाला खालच्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. आधी बुडबुडा आला, मग चहाच्या रंगाच्या पाण्याची बारीक धार लागली. इंजिनचा ब्रॅकेट दहा मिलिमीटरच्या चार बोल्टांनी सरळ प्लायमध्ये आवळलेला, भोकांत सीलंट नाही. प्लाय आयएस ७१० चा मरीन नाही, फर्निचरचा साधा. बोटानं उकरला तर पापुद्रे निघत होते. पण त्यात फार तर बारा-पंधरा किलो पाणी. बाकीचं फळीखालच्या बंद पेटीत होतं. होडी भरली तरी तरंगावी म्हणून तिथं थर्माकोल भरतात, आणि इथंच अडाणीपणा झाला. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल विरघळवतं. थर्माकोलवर प्लास्टिक न गुंडाळता थेट ओलं रेझिन फासलेलं. पेटी कापली तर आत अक्रोडाएवढे चिकट गोळे आणि उरलेल्या जागेत कुजका वास मारणारं पाणी. म्हणजे होडी बुडू नये म्हणून केलेल्या पेटीत पन्नासेक लिटर पाणीच वागवत होते.

दुरुस्ती काय केली तेही सांगतो, जुनी होडी घेणार असाल तर उपयोगी पडेल. ट्रान्समची आतली कातडी कडेनं दोन इंच सोडून कापली, प्लाय पूर्ण उकरून काढला, आठवडाभर वाळू दिला. १८ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय सगळ्या कडांना रेझिन पाजून एकमेकांना चिकटवले आणि क्लॅम्पनं आवळून बसवले. वर ४५० मॅटचे तीन थर, दोन्ही बाजूंना होडीच्या अंगावर चार-चार इंच वळवून. बोल्टची भोकं आधी १६ मिलिमीटरची पाडली, रेझिन आणि बारीक कापलेल्या काचेच्या लगद्यानं भरली, सुकल्यावर त्यात दहाची पाडली. आता बोल्टला लाकूड लागतच नाही. सीलंट पॉलियुरेथेनचं. बाथरूमचं सिलिकॉन पाण्याखाली वापरू नका.

एवढं झाल्यावर दाजी म्हणाले, जड होती म्हणून तर दोन वर्षं टिकली. काय बोलणार! मग आम्ही उतारा काढला. होडी साच्यातून निघाली की काठ ग्राइंडरनं कापून सारखा करतात, ती पट्टी फेकून देतात. नवी होडी घेताना ती मागून घ्या. आमच्याकडं कापलेल्या कातडीचा तुकडा होता. तळहाताएवढा तुकडा सोनाराच्या काट्यावर ५० ग्रॅम भरला. पत्र्यावर ठेवून अंगणात लाकडाच्या धगधगत्या निखाऱ्यांत घातला. धूर काळा आणि विषारी असतो, घरात हा उद्योग करू नका आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. काजळी जाऊन काच पांढरी दिसेपर्यंत जाळायचं. गार झाल्यावर थर सुटे होतात, हातात घेऊन मोजता येतात. मॅटचा थर विस्कटलेल्या केसांसारखा दिसतो, रोव्हिंगचा सुतळीच्या तरटासारखा. झटकल्यावर पांढरी भुकटी पडली तर ती खडूची. आमची काच भरली ११ ग्रॅम, म्हणजे २२ टक्के. नुसत्या मॅटच्या हातकामात ३० टक्के यायला हवी, रोव्हिंग असेल तर ३५ च्या पुढं. आणि थर निघाले तीन, बिलावर पाच लिहिलेले.

आता पांगा. मूळची पांगा ही जपानच्या यामाहानं १९७० च्या सुमारास मच्छीमारांसाठी आखलेली होडी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर ती अफाट चालते. तिच्या तीन खुणा आहेत: नाळ (पुढचं टोक) उंच उचललेली, पाण्याच्या रेषेवर अंग अरुंद, आणि काठाखाली लांबभर फुगीर कड, जी होडी कलली की तिला तोलून धरते. नाळ थोडी वर केली आणि स्टिकर मारला की आपल्याकडं पांगा होते, तेव्हा ती कड आहे का ते आधी बघा. होडी चांगली आहे, वाद नाही. पण ती २५-४० अश्वशक्तीचं इंजिन लावून समुद्राच्या लाटेवर पळवायला आहे. हिडकलमध्ये दोन माणसं पहाटे जाळं उचलणार, कटला-रोहू-तिलापिया काढणार, अर्धं काम वल्ह्यावर. उन्हाळ्यात पाणी उतरतं, हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, काठ चिखलातून कुठल्या कुठं जातो. तिथं ४८० किलोचं धूड दोघं कसं ओढणार? सहा माणसं घेऊन लांब पल्ला मारायचा असेल तरच बघा. नुसतं काठाकाठानं जाळं टाकायचं असेल तर हरिगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल होडीही पुरते. पण हिडकलच्या उघड्या पाण्यावर दुपारचा वारा सुटला की त्यात बसून बघा एकदा.

बांधणाऱ्यांबद्दल माझं मत रोखठोक. वेंगुर्ला, मालवण, कारवारकडच्यांचा हात होडीवर बसलेला आहे. कणा आणि तळाच्या कोपऱ्यांना जादा थर लागतात हे त्यांना सांगावं लागत नाही. फक्त त्यांचे साचे समुद्राचे असतात, काठ गरजेपेक्षा उंच. गोव्यात सहलीच्या होड्या बनवणाऱ्यांचं जेलकोट आरशासारखं, पण ती होडी जेटीला बांधायची असते, दगडावरून ओढायची नसते. पाण्याच्या टाक्या आणि दारं करणारे आपल्याकडचे लोक फायबर जाणतात, होडी जाणत नाहीत. दुसऱ्याच्या होडीवरून साचा उचलतात आणि तो वाकडा निघतो. नाळेच्या टोकापासून ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेप लावा. १८ फुटीत दोन्ही मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती होडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहणार.

‘गोड्या पाण्यात फायबरला काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत या. उलट आहे. जेलकोटमधून पाणी आत झिरपून फोड येतात ते खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर, आणि तुमची होडी वर्षभर पाण्यातच असणार. म्हणून जेलकोट आणि त्याच्या मागचा पहिला मॅटचा थर आयसोफ्थॅलिक रेझिनचा हवा, हे बिलावर लिहून घ्या. आतले थर साध्या रेझिनचे चालतील. ऑर्डर नोव्हेंबर ते मार्चमध्ये द्या, आणि थंडीतलं रेझिनकाम ऊन वर आल्यावरच करायला सांगा. जुलैच्या दमट हवेत थर नीट बसत नाहीत आणि घाईनं हार्डनर वाढवला की माल ठिसूळ होतो. ताब्यात घेताना ॲसिटोनचा बोळा आतल्या अंगावर अर्धा मिनिट घासा. चिकट लागलं तर अजून पिकलेली नाही.

मी असतो तर वेंगुर्ल्याची १९० किलोची घेतली असती, या अटींवर: कण्याला वरून तीन जादा थर, सहा इंच रुंद. कण्याखाली स्क्रूनं ठोकलेली लोखंडी पट्टी नको, प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला वाट. ट्रान्सम मरीन प्लायचा, उंची तुमच्या इंजिनच्या शाफ्टप्रमाणे, आखूड शाफ्टला १५ इंच, लांबला २०. पेटीत पॉलियुरेथेन फोम, किमान अडीचशे लिटर. एक लिटर फोम जेमतेम एक किलो उचलतो, आणि भरलेल्या होडीला इंजिन आणि धरून लटकलेली तीन माणसं सांभाळायची असतात. बिलावर ‘मासेमारी नौका’ असंच लिहा, तिला जीएसटी ५ टक्के आहे. सहलीची होडी लिहिली तर कितीतरी पट पडतो. मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान घेणार असाल (सर्वसाधारण ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०) तर मंजुरीच्या आधी आगाऊ रक्कम देऊन बसू नका.

आता उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणी १४० किलोची १८ फुटी घेऊन येईल आणि मला शिव्या घालेल. हलकी म्हणजे चांगली असं नाही. जाडी सहावरून पाच मिलिमीटरवर आली की तळाचा ताठपणा चाळीसेक टक्क्यांनी घटतो, लाटेवर पत्र्यासारखा थडथडतो आणि वाकांच्या कडेनं चिरतो. १६० च्या खाली जाऊ नका. आणि उद्यमबागेतल्या त्या माणसाच्या तुकड्यात ३३ टक्के काच निघाली, खडू नाही निघाला, तर माझे शब्द मागं. मग २४० किलोवालीच घ्या, बिनधास्त. दाजींना मात्र सांगू नका.

वाहतुकीला होडी मावेल एवढ्या हौद्याचं वाहन बघा. होडी दोन ठोकळ्यांवर टेकवू नका, तळाखाली पाच-सहा जुने टायर टाका. पट्टा काठावरून आवळताना मधे आडवं लाकूड घाला, नाहीतर आंबोली चढेपर्यंत काठ आत दबतो. येताना वाटेत कुठल्याही काट्यावर वजन करा, वल्ही, नांगर, फळ्या बाहेर काढून. पावती होडीच्या बिलाला टाचून ठेवा आणि दोन पावसाळ्यांनी त्याच काट्यावर परत न्या.