दहा दिवसांत पाच देश नकोत, ताई

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे, राहायला आम्ही सांगलीत विश्रामबागेत. यंदा लग्नाला 25 वर्षं होतात. यांना शाळेत असल्यापासून बॉण्डच्या चित्रपटांचं वेड. बाग, बेदाणा आणि मुलींची शिक्षणं यातच इतकी वर्षं गेली. आता एकदाच, पण अगदी त्या चित्रपटांसारखी थाटाची सहल करायची आहे. मुलींनी यादी केली आहे : मोंते कार्लो, व्हेनिस, इस्तंबूल, स्वित्झर्लंड आणि थायलंडचं बॉण्ड बेट. दिवस दहा, खर्चाला बारा लाख. कसं आणि कधी जावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, यादी मी दोनदा वाचली आणि पाचपैकी चार नावांवर काट मारली. रागावू नका. पडद्यावरचा माणूस इस्तंबूलहून निघतो आणि पुढच्या दृश्यात व्हेनिसला उतरतो. मधली विमानतळावरची रांग, बॅगांचा पट्टा, हॉटेलात खोली मिळेपर्यंत दोन तास बसून राहणं, हे त्याच्या वाट्याला येत नाही, तुमच्या येणार. साताऱ्यातून मी बरीच वर्षं सहली नेल्या. नऊ दिवसांत पाच शहरं केलेल्या एका बाई परतल्यावर मला म्हणाल्या, "काकू, मला फक्त बॅग भरलेली आठवते." तेव्हापासून अशी सहल मी कुणाला आखून दिली नाही.

आणि त्या चित्रपटांचा थाट वेगात नाहीच. एका अवघड, देखण्या जागी माणूस पोहोचतो आणि ती जागा जणू त्याचीच होते, थाट त्यात आहे. तुम्हाला ते दोन ठिकाणी मिळेल, आणि त्यातलं एक आपल्याच देशात आहे.

1983 चा 'ऑक्टोपसी' यांनी पाहिला असणारच. त्यातला पाण्यातला पांढरा महाल म्हणजे उदयपूरचं ताज लेक पॅलेस. अठराव्या शतकात महाराणा जगतसिंह दुसरे यांनी पिचोला तलावातल्या बेटावर तो बांधला. तिथे होडीशिवाय जाता येत नाही. मी तिथे दोन रात्री राहिले आहे. पहाटे जाग आली ती खिडकीखालच्या आवाजानं, पाणी पायरीला लागून चुळूकचुळूक करत होतं. बाहेर एक माणूस लांब दांड्याच्या जाळीनं तलावातली पानं काढत होता, आणि अख्ख्या तलावावर तेवढीच हालचाल. चित्रपटात बॉण्ड उतरतो ते हॉटेल शिवनिवास, आणि खलनायकाचा महाल म्हणजे डोंगरावरचं सज्जनगढ. आपला सज्जनगड नव्हे हं! हा महाल महाराणा सज्जनसिंहांनी पावसाळी ढग बघायला बांधायला घेतला. म्हणून तिथे पावसाळ्याच्या शेवटी जावं, तलावही तेव्हा भरलेला असतो.

तुमच्या बागेच्या कामाशीही हे जुळतं. एप्रिलची खरडछाटणी उरकलेली, फळछाटणी अजून व्हायची. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. हिवाळ्याच्या मानानं तेव्हा उदयपूरचे दरही बरेच उतरलेले असतात.

तिथून मुंबई आणि मुंबईहून झुरिक. स्वित्झर्लंडमध्येही तीन शहरं करू नका. म्युरेन नावाचं गाव आहे, साधारण 1,640 मीटरवर, तिथे बाहेरच्या मोटारी येत नाहीत. चार रात्री तिथे काढा. वर 2,970 मीटरवर शिल्टहॉर्नचं शिखर आणि त्यावर गोल फिरणारं रेस्तराँ, पिझ ग्लोरिया. 1969 च्या बॉण्डपटात खलनायकाचा अड्डा तोच. इमारत तेव्हा पुरती सजलेली नव्हती, चित्रपटवाल्यांनी खर्च करून आतलं काम करून घेतलं. नावही चित्रपटातलंच, ते पुढे कायम राहिलं. साधारण पाऊण तासात एक फेरी होते आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं एकामागून एक काचेसमोर येतात.

माझी पहिली खेप मात्र वाया गेली होती. गट घेऊन अकरा वाजता वर गेलो तर काचेबाहेर नुसता पिंजलेला कापूस. एक आजी पाऊण तास त्या पांढऱ्याकडे बघत बसल्या, मला फार वाईट वाटलं. चार रात्री म्हणते ते यासाठीच. रोज सकाळी रज्जुमार्गाच्या खालच्या स्टेशनावर शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. ते स्वच्छ दिसेल त्याच दिवशी तिकीट काढा आणि पहिल्या पाळण्यानं वर जा.

एक दिवस खाली उतरून भाड्यानं गाडी घ्या आणि फुर्का खिंडीत जा, 2,429 मीटर. 1964 च्या चित्रपटातला वळणावळणांचा रस्ता तो. हिवाळ्यात बंद असतो, सप्टेंबरात सहसा उघडा असतो. कुंभार्ली घाट चालवणाऱ्याला वळणांचं काही वाटायचं नाही. सवय करायची ती उजव्या बाजूची. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून ठेवा. शेवटच्या दोन रात्री दक्षिणेला लोकार्नोत. जवळच वेर्झास्काचं धरण आहे, 220 मीटर उंच, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. 1995 च्या चित्रपटाच्या सुरुवातीची उडी तिथलीच. धरणाच्या माथ्यावरून चालत जाता येतं. मधोमध उभं राहून यांना खाली बघू द्या.

थायलंडचं बेट वगळण्याचं कारण : 1974 च्या चित्रपटातल्या त्या सुळक्याजवळ आता होड्या जाऊ देत नाहीत, समोरच्या गर्दीच्या किनाऱ्यावरून बघायचा. शिवाय तेव्हा तिथे पावसाळा.

स्वित्झर्लंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. मार्चात तुमची बेदाण्याची घाई, म्हणून मे महिना धरा. 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावं लागतं. सोबत भडंग खुशाल न्या. कंदी पेढे मात्र नकोत, दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत.

कपड्यांचं सांगते. भाड्याचा विलायती सूट नको. यांना काळा बंदगळा शिवून घ्या आणि तुम्ही पैठणी नेसा, तलावातल्या महालात जेवायला याहून शोभेल असं काही नाही. शिंप्याला काखेत थोडा सैल ठेवायला सांगा. होडीतून धक्क्यावर उतरताना हात वर करून आधार घ्यावा लागतो.