अमेरिकेत गणपतीसाठी मागितलेली रजा मॅनेजर नाकारू शकतो का?

सहजासहजी नाही. कंपनीत 15 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार धार्मिक कारणासाठी सोय करून द्यावी लागते. पूर्वी 'थोडा जादा खर्च येतो' म्हणून मालक सुटायचे. 2023 मध्ये रविवारी काम नाकारणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती पळवाट बुजवली; आता धंद्याच्या मानाने भरीव खर्च दाखवावा लागतो. रजा पगारीच मिळेल असं मात्र नाही, शिफ्टची अदलाबदलही चालते.

अर्ज ईमेलने करा आणि गणपती बसवायचा आहे, पूजा आहे, हे स्पष्ट लिहा. आपण संकोचाने 'घरी कार्यक्रम आहे' लिहितो, तिथेच मुद्दा निसटतो. नाकारलं, तर समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रारीची मुदत 180 दिवस, बऱ्याच राज्यांत 300.