कापडाचं छत आणि लेकीची पहिली नोकरी

प्रश्न : माझी मुलगी यंदा सिव्हिल इंजिनिअर झाली. तिच्या हातात दोन ऑफर आहेत. एक हिंजवडीतल्या मोठ्या कन्सल्टन्सीची. काम उंच इमारतींचं आरसीसी डिझाइन, पगार महिना ३२ हजार. दुसरी बावधनमधल्या एका लहान फर्मची. तिथे पंधरा-वीस माणसं आहेत. मैदानं, विमानतळ, शाळा, देवस्थानं यांवरची मोठ्या स्पॅनची (मधे खांब नसलेली) आणि कापडाची छतं ते डिझाइन करतात. पगार २४ हजार. मुलीला दुसरीच हवी आहे. तिचे मामा म्हणतात, "इंजिनिअर होऊन मंडपवाल्याकडे नोकरी?" ह्यांना वाटतं, एवढं अरुंद क्षेत्र धरलं तर पुढे दुसरीकडे कोण घेईल? शिवाय उंचावर चढावं लागतं म्हणे. काय करावं? – एक आई, धनकवडी

उत्तर :

ताई, आधी मामांचं बघू. गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या अरुंद रस्त्यांवर जो माणूस वासे, बांबू आणि सुतळीच्या जोरावर दहा दिवस मंडप उभा ठेवतो, त्याला मी तरी कमी लेखणार नाही. पण मंडपवाल्याकडे एक सोय असते. वारा वाढला की तो कापड सोडून घेतो. तुमच्या मुलीला जी छतं करायची आहेत ती सोडून घेता येत नाहीत. वीसेक वर्षांचे पावसाळे त्यांनी जागेवरच काढायचे असतात.

कापडाचं काम म्हणजे हलकं काम, हा समज आकड्यांनी लगेच मोडतो. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब काढला तर चौरस मीटरला नव्वद किलोंच्या वर जातो. जागा, उंची, आकार यांनुसार तो कमी-जास्त होतो, पण अंदाज आला असेल. आता छताचं वजन बघा. पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिएस्टर कापड चौरस मीटरला साधारण एक किलो भरतं. सहा इंची स्लॅब तेवढ्याच जागेत पावणेचारशे किलोंच्या आसपास असतो, तो आपल्याच वजनाने जागेवर बसून राहतो. कापडाचं छत मात्र वाऱ्यात छत्री उलटते तसं वर उचललं जाऊ पाहतं. त्यामुळे अशा छताखाली जमिनीत जे काँक्रीटचे ठोकळे पुरतात, त्यांतले बरेचसे छताला खाली धरून ठेवण्यासाठी असतात. चार वर्षं फाउंडेशन म्हणजे भार पेलणारी वस्तू असं शिकलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात उलटा विचार करावा लागेल.

आणि तिला नेमकं तेच आवडलं असावं, असा माझा तर्क आहे.

एरवी आर्किटेक्ट आकार देतो आणि इंजिनिअर तो उभा करून दाखवतो. कापडात ते चालत नाही. कापड दाब घेत नाही, फक्त ताण घेतं. म्हणून ते एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वाकवावं लागतं, घोड्याच्या खोगिरासारखा आकार येतो, आणि त्यात कायमचा ताण भरून ठेवावा लागतो. तो ताण कुठे किती, यावर आकार ठरतो. आकार बदलला की ताण बदलतो. दोन्ही एकदमच शोधावे लागतात, त्याला या धंद्यात फॉर्म फाइंडिंग म्हणतात. जर्मनीचा आर्किटेक्ट फ्राय ऑटो हे साबणाच्या पाण्याने करायचा: तारेची चौकट पाण्यात बुडवून काढायची, तिच्यावर जो पडदा धरतो तो सगळीकडे सारख्या ताणाचा असतो. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक मैदानाचं केबलच्या जाळ्याचं छत घडवणाऱ्यांत तो होता. आज हे काम संगणक करतो. तरी मुलीला सांगा, जुन्या बांगड्या आणि तार घेऊन एका रविवारी हा प्रयोग घरी कर. ज्याने तो पडदा डोळ्यांनी पाहिला आहे त्याला स्क्रीनवरचं चुकलेलं उत्तर लवकर ओळखू येतं.

आणखी एक गोष्ट तिला कॉलेजात बहुधा कोणी सांगितली नसेल. तिथे वाऱ्याचं उत्तर वेगळं काढतात, वजनाचं वेगळं, आणि मग बेरीज करतात. कापड आणि केबल भाराखाली इतकी हलतात की ही बेरीज खोटी पडते. एकत्र येणाऱ्या भारांच्या प्रत्येक जुळणीचं गणित पहिल्यापासून स्वतंत्र चालवावं लागतं. मग येतं पॅटर्निंग. वक्र छत हे सपाट कापडाच्या पट्ट्या कापून जोडायचं असतं, आणि बसवल्यावर कापड ताणलं जाणार म्हणून पट्ट्या आधीच जराशा लहान कापायच्या असतात. किती लहान, हे कापडाचा नमुना उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने एकदम ओढून ठरवतात, कारण दोन्ही धागे सारखे ताणत नाहीत. इथे चूक झाली तर छताला सुरकुती पडते, आणि ती सुरकुती उद्घाटनाच्या फोटोत सगळ्या गावाला दिसते.

सुरकुतीपर्यंत भागलं तर नशीब. ताण कमी पडला किंवा उतार सपाट राहिला तर पावसाचं पाणी एका जागी थांबतं. चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो. त्या वजनाने कापड खाली झोळतं, झोळलं की आणखी पाणी येतं, आणि हे आपोआप थांबत नाही. जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात जबलपूरच्या विमानतळावर कापडी छत साचलेल्या पाण्याने फाटलं आणि खाली उभी असलेली गाडी चेपली. दोनच दिवसांनी राजकोटच्या विमानतळावरही जोराच्या पावसात बाहेरचं कापडी छत खाली आलं. (मधल्या दिवशी दिल्लीला जे कोसळलं ते स्टीलचं होतं, तिथे माणूस गेला.) मामांनी या बातम्या वाचल्या असतील तर ते म्हणतील, बघा, म्हणून नको. मला उलट वाटतं. अशी छतं आता शाळांच्या मैदानांवर, पेट्रोल पंपांवर, मंगल कार्यालयांच्या दारात सगळीकडे लागली आहेत. त्यांतली कित्येक गणित न करता, जुन्या कामाचं ड्रॉइंग पुढे ढकलून लावलेली असतात. हे गणित येणारी माणसं आपल्याला हवीच आहेत.

आता तुमच्या यजमानांची शंका. ती मामांच्या शेऱ्यापेक्षा फार मोलाची आहे. क्षेत्र अरुंद आहे का? जेद्दाहचं हज टर्मिनल घ्या. १९८१ चं काम, ४५ मीटर चौरसाचे २१० कापडी तंबू, वाळवंटात हजारो यात्रेकरूंना सावली. त्यामागचे इंजिनिअर होते फझलुर खान, ढाक्यात शिकलेले. हेच खान शिकागोच्या ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवरचेही इंजिनिअर. म्हणजे तुमच्या घरात ज्या दोन ऑफरींवरून वाद चाललाय, ती दोन्ही कामं एकाच माणसाने केली. सगळेच काही खान होत नाहीत, कबूल. पण कापडाच्या छतात कापड हा कामाचा लहान भाग असतो. बाकी स्टीलचे खांब आणि ट्रस, केबल, जोड, वारा, आणि छत वर उपसणाऱ्या बळाला धरून ठेवणारं फाउंडेशन. हे ज्याला येतं त्याला चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या शेड, मेट्रो स्टेशनांची छतं, पूल, सोलरचे सांगाडे, होर्डिंग यांतलं काहीच परकं नसतं. डेक्कनच्या मेट्रो स्टेशनचं पगडीच्या आकाराचं छत तिने पाहिलं असेलच. तसला आकार उभा करायलाही अशीच डोकी लागतात. मोठी कामंही आपल्यापासून फार लांब नाहीत. २०११ च्या विश्वचषकाआधी वानखेडेवर टेफ्लॉनच्या कापडाचं छत आलं. लॉर्ड्सच्या माउंड स्टँडला १९८७ मध्ये कापडी छत देणारे आर्किटेक्ट मायकल हॉपकिन्स. आपलं गहुंज्याचं स्टेडियमही त्यांच्याच फर्मने डिझाइन केलं.

क्षेत्र अरुंद नाही. तिला मिळणारी खुर्ची मात्र अरुंद असू शकते, आणि चौकशी तिचीच करायची आहे. 'टेन्साइल', म्हणजे ताणलेल्या कापडाच्या छतांच्या, नावाखाली पुण्यात दोन तऱ्हेचे लोक काम करतात. एक, जे फक्त डिझाइन करतात आणि त्यावर सही करून जबाबदारी घेतात. दुसरे, जे कापड विकतात, बसवतात आणि सोबत डिझाइनही 'देतात'. दुसऱ्यांतही उत्तम माणसं आहेत, पण तिथे नव्या इंजिनिअरची दोन वर्षं कोटेशन आणि कापडाचे चौरस फूट काढण्यात जाऊ शकतात. तेव्हा मुलीने जाऊन सरळ विचारावं: कॅल्क्युलेशनवर सही कोणाची असते? माझं गणित कोण तपासणार? फॉर्म फाइंडिंग आणि पॅटर्निंग इथेच होतं की बाहेरून करून येतं? मला साइटवर पाठवणार का? आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं: दोन पावसाळे झाल्यावर तुम्ही छत पाहायला, पुन्हा ताणायला जाता का? या शेवटच्या प्रश्नावर साहेब हसले आणि विषय बदलला, तर हिंजवडीची ऑफर घ्यावी. जुन्या छतांचे फोटो काढून, इथे काय बदललं आणि का, हे सांगत बसले, तर बावधनला जावं. माझं मत अगदी स्पष्ट आहे.

पैशाचं गोड बोलून झाकणार नाही. वर्षाला ९६ हजारांचा फरक आहे. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर तो टोचतो, आणि तसं असेल तर हिंजवडीला नाही म्हणणं मी सुचवणार नाही. कर्ज नसेल आणि मुलगी घरीच राहणार असेल, तर वारज्यावरून बावधन गाठणं हिंजवडीच्या रोजच्या कोंडीपेक्षा बरंच सुसह्य आहे. त्या वाचलेल्या वेळात तिने आयएस ८०० (स्टील डिझाइनचं मानक) आणि आरसीसी दोन्हींचा सराव चालू ठेवावा. आरसीसी सोडून चालणार नाही. छत कापडाचं असलं तरी पाया काँक्रीटचाच असतो.

पुढच्या शिक्षणाची घाई नको. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा अभ्यास ताजा आहे तोवर परीक्षा देऊन ठेवावी आणि दोन वर्षांच्या कामानंतर स्ट्रक्चर्समध्ये एमटेकचा विचार करावा. परदेशी जायचंच झालं तर श्टुटगार्टकडे पाहावं. फ्राय ऑटोने १९६४ मध्ये हलक्या रचनांची संस्था तिथेच सुरू केली. त्या राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो फी पडते. राहण्याचा खर्च वेगळा.

राहिलं उंचावर चढणं. चढावं लागेल, रोज नाही. कापड ओढून बसवण्याचं काम सरावलेले रिगर करतात. इंजिनिअर ताण मोजायला, जोड तपासायला वर जातो. मुलगा असता तरी मी हेच सांगितलं असतं: पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन दोऱ्या, म्हणजे एक सोडताना दुसरी अडकलेली राहते, आणि ओलं कापड किंवा सुटलेला वारा असेल तर वर जायचं नाही, साहेबांनी सांगितलं तरी. हार्नेस फर्मच्या खर्चाने मिळणार का, साइटवर असताना अपघात विमा आहे का, आणि नोकरी सोडण्यावर बाँड आहे का, या तीन गोष्टी ऑफर लेटरमध्ये नसतील तर रुजू होण्याआधी ईमेलवर लिहून मागून घ्या. बाँड दोन वर्षांच्या वर असेल तर सही करण्यापूर्वी मला पुन्हा लिहा.