जंगलातली मोठी झाडं मरून का पडतात? वाऱ्याने, किडीने की म्हातारपणाने?

तुम्ही विचारलंय की जंगलात मोठमोठी झाडं मरून पडलेली दिसतात ती वाऱ्याने, किडीने की म्हातारपणाने, आणि शेवटी लिहिलंय, ‘एकच मुख्य कारण सांगा.’ त्या शेवटच्या ओळीपाशी मी अडलो. याच एका शब्दावरून मी एका माणसाशी भांडलो होतो. ते भांडण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी ११ वर्षं झाडांच्या मोजणीचं काम केलं. जंगलात एक चौकोन आखायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, छातीच्या उंचीवर घेर मोजायचा आणि दरवर्षी त्याच झाडांकडे परत जायचं. कोण वाढलं, कोण वठलं, कोण पडलं, ते लिहायचं. मेलेल्या झाडाच्या नोंदीत शेवटी ‘कारण’ असा एक अरुंद रकाना असायचा. त्यात एकच शब्द मावायचा.

आमच्या चौकोनात २१४ नंबरचं झाड होतं. घेर ३ मीटरच्या वर, जमिनीलगत दोन माणसं लपतील अशी पसरलेली मुळं. कामाच्या तिसऱ्या वर्षी चौकोनाच्या कडेने रस्ता निघाला. खोदाईचं यंत्र २१४ च्या बुंध्यापासून जेमतेम २ मीटरवरून गेलं. मुळं कापली गेली तेव्हा मी तिथेच होतो. मनगटाएवढी, काही मांडीएवढी, ओली पांढरी टोकं खड्ड्याच्या भिंतीतून बाहेर आलेली होती. झाडाची मुळं खूप खोल जातात असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बरीचशी मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरतात. म्हणजे बुंध्याच्या इतक्या जवळून चर काढला, तर एका बाजूची बहुतेक मुळं गेलीच. उरलेल्यांवर मुरूम टाकून रोलर फिरवला की त्यांना हवा मिळत नाही. मुळांनाही श्वास लागतो.

झाडाला काहीही झालं नाही. म्हणजे त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही आम्ही ‘निरोगी’ लिहिलं. पाचव्या वर्षी शेंड्याकडची पानं विरळ झाली. मधे एक कोरडं वर्ष गेलं, तेव्हा रस्त्याकडच्या दोन फांद्या टोकापासून वाळत आल्या. दुष्काळात झाड कसं मरतं तेही सांगतो, कारण ते नुसतं ‘वाळणं’ नसतं. पानं वरून पाणी ओढतात, खालून पाणी येत नाही, आणि खोडातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा धागा ताणून तुटतो. त्या नळीत हवा शिरली की ती बहुधा बाद होते. अशा नळ्या वाढत गेल्या की वरच्या फांद्यांचं पाणी बंद. सातव्या वर्षी बुंध्याशी, रस्त्याच्याच बाजूला, अळंब्यांचा घोस उगवला. मी लाकडी हातोड्याने बुंधा ठोकत गेलो. जंगलाच्या बाजूने टणक आवाज आला, रस्त्याच्या बाजूने भद्द. ते मी माझ्या वहीत तारखेसकट लिहिलं. नवव्या वर्षी सालीच्या भेगांमधून भुंगेऱ्यांचा भुसा गळताना दिसला.

दहाव्या वर्षी ते पडलं. चार दिवस पाऊस लागून होता, त्या पहाटे उघडलं होतं आणि पानही हलत नव्हतं. आम्ही तंबूत होतो. आधी लाकूड फाटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग जमीन हादरली. जाऊन पाहिलं तर २१४ मुळांसकट उन्मळून रस्त्याच्या उलट बाजूला, आत जंगलात पडलं होतं आणि त्याने सोबत तीन लहान झाडं झोपवली होती. मी मुळांची उभी राहिलेली थाळी पाहिली. जंगलाकडची मुळं पांढरी, ताजी, पिळवटून तुटलेली. रस्त्याकडची सगळी बोथट टोकांची, काळी, आणि बोटाने दाबली तर भुगा होत होती. यंत्राने कापलं तिथूनच कूज आत शिरली होती.

आमच्या साहेबांनी रकान्यात लिहिलं: ‘वारा’.

मी म्हटलं, साहेब, वारा नव्हता. ते म्हणाले, वर शेंड्याला झोत लागला असेल, आणि रस्त्यापासून उलट पडलंय म्हणजे रस्त्याच्या मोकळ्या बाजूने वारा आलाय. मी म्हटलं, उलट पडलं कारण त्या बाजूने धरून ठेवणारी मुळंच उरली नव्हती; तंबूची एका बाजूची दोरी कापली तर तंबू दुसऱ्या बाजूला कलणारच. तिथे ‘रस्ता’ लिहा. ते हसले आणि म्हणाले, ‘रस्ता झाड पाडतो का?’ मी वही दाखवली. सात वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांनी वही उघडलीही नाही.

तर तुमचं उत्तर असं की मोठं झाड सहसा एका कारणाने मरत नाही. वृक्षरोगांचे अमेरिकी अभ्यासक पॉल मॅनियन यांनी १९८१ मध्ये हे फार स्पष्ट मांडलं. आधी झाडाला वर्षानुवर्षं कमजोर ठेवणारी कारणं असतात, म्हणजे वाईट माती, दाटी, बिघडलेली जागा. मग एखादा धक्का बसतो: दुष्काळ, आग, मुळं तुटणं. आणि शेवटी येतात कीड आणि बुरशी. आपल्याला दिसतात ती शेवटची, म्हणून आपण त्यांच्यावर सगळं ढकलतो. भुंगेरे बरेचदा आधीच तहानलेल्या झाडावर बसतात, कारण निरोगी झाड डिंक किंवा राळ सोडून त्यांना बाहेर फेकतं आणि तहानलेल्याकडे तेवढा दाब उरत नाही.

मरणं आणि पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही प्रश्नात मिसळलंय. वठलेलं झाड कित्येक वर्षं उभं राहतं आणि हिरवंगार झाड आतून पोकळ होऊन पडतं. खोडाचा जिवंत भाग सालीखालचा पातळ थर आणि त्यालगतचं लाकूड एवढाच असतो. मधला गाभा मेलेलाच असतो, तो फक्त भार पेलतो. म्हणून ढोलीचं झाड पालवत राहतं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. ॲलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो खोडं करवतीने उभी चिरून दाखवलं की झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि पुढे नवं लाकूड वाढवतं. भिंत टिकली तर झाड टिकतं. कुजवणाऱ्या बुरशीतही फरक असतो. काही बुरश्या लाकडाचे धागेच आधी खातात, आणि वजन फारसं घटायच्या आत ताकद निघून जाते. असं झाड बाहेरून ठणठणीत दिसतं आणि मोडतं.

म्हातारपण हे कारण मला मान्य नाही. अमेरिकेतले ब्रिसलकोन पाइन ४,८०० वर्षांवर जगलेत. झाडाला आपल्यासारखी ठरलेली मुदत नसते. जास्त वर्षं जगलं म्हणजे जास्त जखमा, जास्त वीज, जास्त वादळं अंगावर घेतली, एवढंच. आणि संख्येने पाहिलं तर जंगलात सगळ्यात जास्त मरतात ती रोपं आणि कोवळी झाडं, सावलीत उजेड न मिळून. त्यांची नोंद कुणीच घेत नाही, कारण ती पडल्याचा आवाज होत नाही.

माझ्या बोलण्याला अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. नवीन रोग आला तर धडधाकट झाडंही मरतात. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला चेस्टनटच्या झाडांवर बाहेरून आलेली बुरशी सापडली आणि पुढच्या ५० वर्षांत त्या जातीची ३०० ते ४०० कोटी झाडं गेली. तिथे कमजोर आणि बळकट असा भेद राहिला नाही. भुंगेऱ्यांची साथ फार वाढली की तेही निरोगी झाडांना संख्येच्या जोरावर हरवतात. मोठं चक्रीवादळ चांगली झाडं पिळून मोडतं. आणि विजेला आपण फार कमी लेखतो. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा मोठ्या झाडांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के विजेने झाल्याचं दिसलं, आणि त्यातल्या पुष्कळ झाडांच्या खोडावर जळल्याची खूणही नव्हती. मी स्वतः किती ‘अज्ञात’ चुकीचे लिहिले असतील, देव जाणे. साहेबांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे: सगळ्या चौकोनांत ठरलेलेच शब्द वापरले नाहीत तर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

पण मग रकाने दोन करा! एक ‘कसं पडलं’ आणि एक ‘आधी काय झालं’. कारण पुढे त्या नोंदीवरूनच निर्णय होतात. आमच्या अहवालात त्या वर्षी वाऱ्याने पडलेली झाडं वाढल्याचं आलं, आणि उपाय म्हणून रस्त्याच्या कडेची ‘धोकादायक’ झाडं तोडायची शिफारस झाली. रस्ता पुढे न्यायचा तेव्हा मुळांपासून किती लांबून न्यायचा, याबद्दल एक ओळ नव्हती. तुम्ही कुठे अशा नोंदी ठेवत असाल तर पडलेल्या झाडाचा शेंडा नंतर बघा, आधी मुळांपाशी जा. कुठल्या बाजूची मुळं ताजी तुटलीत आणि कुठल्या बाजूची जुनी कुजलीत ते लिहा, फोटो काढा, आणि कोणी एक शब्द मागितला तरी दोन लिहा.

तुम्ही पाहिलेली झाडं एकाच जातीची होती का? एकाच दिशेला पडली होती की वेगवेगळ्या दिशांना? जवळून नवीन चर, कालवा किंवा रस्ता गेलाय का? सगळी एका दिशेला असतील तर वादळाचा संशय घ्या, एकाच जातीची असतील तर रोगाचा किंवा किडीचा. एका रांगेत असतील तर त्या रांगेलगत गेल्या दहा वर्षांत काय खोदलं गेलं ते शोधा आणि इथे कळवा.